राख निवली का?

३ डिसेंबर

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. निमित्तं दोन. पहिलं म्हणजे माझी नेमणूक झाली. दोन जानेवारीला शाळेत रुजू व्हायचं, विज्ञान शिकवायचं. गाव लांब आहे, बसने अख्खा दिवस जातो. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिलीच. आत्या येईल-जाईल त्याला सांगते, "आमची पोरगी सायन्स झालीय." ऐकणाऱ्याला वाटावं मला गोवरच झालाय.

दुसरं निमित्त म्हणजे राख.

बाबा शिंपी आहेत. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. दुकानाच्या मधोमध लोखंडी शेगडी आहे. चार पाय, पुढे दार, खाली राखेचा ट्रे, वर छतातून बाहेर गेलेला पाईप. तिच्यावर इस्त्र्या तापतात आणि तिच्याच उबेवर आम्ही हिवाळा काढतो. पण रोज सकाळी ट्रे बाहेर ओढला की बारीक पांढरट धूळ उठते आणि जिथे बसायला नको तिथे बसते. यंदा बँडमास्तरांनी साऱ्या बँडसाठी पांढरे कोट सांगितले आहेत. महिनाअखेरीस त्यांची स्पर्धा आहे. पांढऱ्या कोटांवर राख! आई आधी सगळं कापड चादरीखाली झाकते, मग श्वास धरून ट्रे काढते. तरी डाग पडतातच.

माझ्या मनात आलं, ज्या शिक्षणाने घरातली राख नीट काढता येत नाही ते मी दुसऱ्यांच्या मुलांना कोणत्या तोंडाने देणार? जायच्या आधी हा प्रश्न सोडवायचाच.

एक नियम मात्र मोडायचा नाही. आजोबांचं पहिलं दुकान गरम राखेपायी जळलं होतं. कोणीतरी घाईत ती चिंध्यांवर ओतली होती. तेव्हापासून घरातला कर्ता पुरुष राखेत हात घालून "निवली" म्हणेपर्यंत राख बाहेर जात नाही. आजोबांनंतर हे काम बाबांचं. त्यांच्या हातावर अविश्वास कोण दाखवणार? डोळे मिटून नुसत्या बोटांनी ते कापडाची सुलट बाजू सांगतात. लहानपणी आम्ही त्याच्या पैजा लावायचो.

४ डिसेंबर

पहिला प्रयोग फसला. धूळ उडू नये म्हणून शेगडीतल्या राखेवर तांब्याभर पाणी शिंपडलं. धूळ बसायच्या ऐवजी फस्सकन वाफ उठली, ती निम्मी राख घेऊन वर गेली आणि सावकाश सगळ्या दुकानावर उतरली. उरलेल्या राखेचा गारा झाला. तो खरवडायला मी आईचं उलथनं घेतलं. ते वाकलं.

आत्या दारात उभी होती. म्हणाली, "आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच का गं? की कॉलेजात त्याला वेगळं नाव आहे?"

एक कोट पुन्हा धुवावा लागला. बाबा काही बोलले नाहीत. पूर्वी बोलले असते. ते अलीकडे फार शांत झालेत.

७ डिसेंबर

दोन दिवस शेगडीपुढे बसून नुसतं पाहिलं. विस्तव असताना धूर खोलीत येत नाही, पाईपातून वर जातो, कारण गरम हवा वर चढते आणि मागून खोलीतली हवा ओढून घेते. मग राखेची धूळही त्याच वाटेने का जाऊ नये? पण सकाळी शेगडी गार असते. ओढ नसते. इथे गाडी अडली आहे.

आज एक गंमत झाली. बाबा अंगणातून लाकडं घेऊन आले ते एकच चप्पल घालून. दुसरी चिखलात रुतून बसली होती. आत्या हसून हसून खाली बसली. "अरे दादा, निदान थंडी तरी वाजू दे पायाला!" बाबांनी खाली पाहिलं आणि जरा वेळ पाहतच राहिले. मग तेही हसले. आई हसली नाही. ती मुकाट्याने जाऊन चप्पल काढून घेऊन आली.

त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर मोठा फोड आलाय. मी विचारलं तर म्हणाले, "असेल इस्त्रीचा चटका." कधी बसला तेही आठवेना. माणूस कामात इतका बुडालेला असावा! मला शाळेत असं बुडता आलं पाहिजे.

९ डिसेंबर

जमलं! जमलं!

आज पाईपातली झडप पूर्ण उघडली. शेगडीच्या दारातून वरच्या बाजूला, पाईपाच्या तोंडाशी, कागदाचा बोळा पेटवून धरला. थोड्याच वेळात ज्योत वरच्या दिशेने ताणली गेली. ओढ लागली! मग ट्रे बाहेर न ओढता दार अर्धवटच उघडं ठेवलं, एक जुनं पत्र्याचं झाकण फावड्यासारखं अगदी सावकाश आत सरकवलं, आणि भरल्यावर राख बादलीत टाकायच्या ऐवजी बादलीचा काठ शेगडीच्या दाराला टेकवून नुसती घसरवली. जी थोडी उडाली ती शेगडीने स्वतःच गिळली. तळाला बोटभर थर राहू दिला, नवा विस्तव त्यावर लवकर धरतो. बादलीवर लगेच झाकण.

पांढऱ्या कापडावर एक कण नाही. आईने बोट फिरवून पाहिलं, स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं बाई," एवढंच म्हणाली. मला पदवीच्या दिवशी झाला नव्हता इतका आनंद झाला.

बाबांनी बादलीत हात घातला, "निवली" म्हणाले, आणि मी ती अंगणातल्या लाकडी पेटीत ओतली. भांडी घासायला तीच वापरतो. आत्याने सुद्धा मान्य केलं की मी अगदीच वाया गेलेली नाही.

१२ डिसेंबर

राखेचा प्रश्न सुटला, पण कोटांचं काहीतरी बिनसलं आहे आणि ते मला समजत नाही.

बाबांनी एका कोटाची बाही उलटी लावली. उलटी बाजू बाहेर! माझ्या आठवणीत असं कधी झालेलं नाही. मी म्हटलं, "बाबा, ही बाजू..." तर चिडले. "राखेमुळे कापडाचा पोतच मरतो. हाताला काय कळणार?" पण राख आता उडत नाही. मी तसं म्हणाले, तर त्यांनी कापड उचलून खिडकीपाशी नेलं आणि उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत उभे राहिले. बोटांनी कापड ओळखणारे माझे बाबा डोळ्यांनी पाहत होते. चष्मा बदलायला झालाय का? आईला विचारलं तर म्हणाली, "डोळे चांगले आहेत त्यांचे." आणि विषय बदलला.

आईचंही काही समजत नाही. तिला सुईचा तिटकारा. मी लहान असताना माझ्या फ्रॉकची बटणंसुद्धा तिने बाबांकडूनच लावून घेतली. आणि आज दुपारी मागच्या खोलीत गेले तर ती कोटाची तुरपाई करत बसलेली. मला पाहताच कोट मांडीखाली सरकवला. "उसवलं होतं जरासं," म्हणाली. शेजारी आणखी तीन कोट होते. सगळेच उसवले?

संध्याकाळी एका बाहीवर रक्ताचा ठिपका दिसला. आईने थंड पाण्याने चोळून काढला आणि कोट अंगणातल्या दोरीवर वाळत घातला.

"तू तुझी बॅग भरायला घे," मला म्हणाली. अजून पंधरा-वीस दिवस आहेत. मला घालवायची एवढी घाई कसली?

१५ डिसेंबर

रात्र झाली, कपड्यांना अजून धुराचा वास आहे.

सकाळी नेहमीसारखी राख काढली. बाबांनी हात घातला, "निवली." मी पेटीत ओतली. दुपारी बँडमास्तर कोट घालून पाहायला आले. ते भलतेच गोल आहेत. बाबांना म्हणत होते, "मास्तर, पोटाला थोडी जागा ठेवा. ट्रॉम्बोन पोटातून वाजतो." एवढ्यात त्यांनी नाक वर केलं. "काही जळतंय का?"

अंगणात पेटीतून धूर येत होता. वारा होता. पेटीला टेकून ठेवलेलं चिंध्यांचं पोतं धुमसत होतं आणि मी पोचेपर्यंत त्याने जाळ धरला. वर दोरीवर तोच कोट, डाग पुरता जाईना म्हणून आईने सकाळी पुन्हा धुतलेला. बँडमास्तर एकच बाही अंगात घातलेले तसे धावले, पिंपातल्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. आत्या ओरडत होती, आई वाळू टाकत होती. पोतं गेलं, पेटीची एक फळी गेली, कोट गेला. वारा उलटा असता तर भिंतीपलीकडे सगळं कापड होतं.

मग बँडमास्तरांनी विचारलं, "झालं कसं हे?"

बाबा म्हणाले, "मी हात लावला तेव्हा निवलेली होती. हिनेच नंतर गरम राख ओतली असेल. हिचे प्रयोग चालू असतात."

मी ओतली नव्हती. मी तसं म्हणाले. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मग हात खोटं बोलतो का माझा?"

आई तिथेच होती. खाली मान घालून ती वाळू सारखी करत राहिली.

१६ डिसेंबर

मी नव्हती ओतली.

१९ डिसेंबर

की ओतली होती? तेच तेच आठवून माझा माझ्यावरचाच भरवसा उडत चाललाय. झाडून घेतल्यावर तळाचं थोडं पुन्हा काढलं का मी? नाही. बहुतेक नाही.

पुस्तकात पाहिलं. राख उष्णता अडवून धरते, तिच्या पोटातला निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. म्हणजे वरून गार आणि आत गरम असं होऊ शकतं. पण बाबा वरवर हात लावत नाहीत. मनगटापर्यंत घालतात, ढवळतात. तिथे निखारा असता तर त्यांना चटका बसला असता. बसला नाही, म्हणजे निखारा नव्हता. निखारा नव्हता, म्हणजे नंतर आला. नंतर आला, म्हणजे मी. कसंही मांडलं तरी गणित माझ्यावरच येतं. मला हात लावून पाहायची गरज कधी वाटलीच नाही, कारण बाबांचा हात होता.

आत्याने आज माझी बाजू घेतली, तिच्या पद्धतीने. "दादा, पोरगी धांदरट आहे, मान्य. पण खोटारडी नाही हं." बाबा उठून आत गेले. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. गुन्हा माझा आणि मान त्यांची खाली, हे काय आहे?

ज्या मुलीला घरात राख सोपवता येत नाही तिच्या हाती प्रयोगशाळा देणार आहेत. जाऊ नये असं वाटू लागलंय. आईला म्हणाले तर तिने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. "असलं काही बोलू नकोस. निदान ह्यांच्यासमोर तर मुळीच नाही." तिच्या बोटांना सुईची घरं पडली आहेत.

२२ डिसेंबर

आज सकाळी राख काढून बादली बाबांकडे नेली. त्यांच्याशी बोलायला तेवढं एकच निमित्त उरलंय. ते कोटाच्या बटणांची काजं करत बसले होते. मी बादली खाली ठेवली, झाकण काढलं. त्या दिवसापासून मीही हात घालून पाहू लागले आहे, म्हणून आधी मीच घातला. दोन पेरं आत गेली असतील, झटकन मागे घेतला. भाजलं. खाली निखारा होता.

"बाबा, आज नाही..." म्हणेपर्यंत त्यांचा हात आत गेलाही होता. मनगटापर्यंत. त्यांनी सावकाश ढवळलं.

"निवली," ते म्हणाले.

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. रुसवा काढायला. मी हसलेसुद्धा. खरंच हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं. आणि मग हात बाहेर काढून त्याकडे असे पाहत राहिले, जणू तो कोणीतरी दुकानात विसरून गेलं होतं. तळव्यावर निखाऱ्याचा बारका तुकडा चिकटला होता. तो त्यांनी झटकला नाही. मी झटकला.

आई धावत आली. त्यांचा हात तिने पाण्याच्या पातेल्यात दाबून धरला आणि रडत ओरडली, "कितीदा सांगितलं, पालथ्या हाताने बघा, पालथ्या! तिथे थोडं तरी कळतं ना तुम्हाला!"

मी तिथेच उभी. चप्पल. बाही. रक्ताचा ठिपका. आईच्या मांडीखालचा कोट. सगळं माझ्याच डोळ्यांसमोर घडलं होतं, तारखा घालून लिहून ठेवलं होतं, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

२३ डिसेंबर

बाबा बोलले. पाहत होते शेगडीकडे.

उन्हाळ्यापासून बोटांना मुंग्या यायच्या. मग मुंग्या गेल्या, त्यांना वाटलं बरं झालं. मग सुई हातात आहे की नाही ते पाहिल्याशिवाय समजेना. पायांचंही तसंच. आईला पावसाळ्यात समजलं. दोघांनी ठरवलं की माझी नेमणूक होऊन मी जाईपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही. अगदी आत्यालाही नाही. "तिच्या पोटात राहतं का काही?"

"पण मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

"नाही."

"मग?"

मला राग आला होता आणि रडू येत होतं, आणि आधी काय करावं ते समजत नव्हतं. मी विचारलं, "आणि पोत्याचं? सगळ्यांसमोर माझ्यावर का ढकललंत?"

बँडेज बांधलेला हात मांडीवर उलटा ठेवला होता. "तोंडातून निघून गेलं," ते म्हणाले. "नंतर तुझा चेहरा पाहिला. हाताला कळत नाही गं. बाकी कळतं."

त्यांना माफ केलं का, ते मला माहीत नाही. जेवणाच्या वेळी त्यांना चमचा पकडता येईना तेव्हा मी भरवलं. त्याला माफी म्हणतात का?

२७ डिसेंबर

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी बाबांना डोळे मिटायला सांगून तळव्याला टाचणी टोचली. "कळतंय?" बाबा म्हणाले, "टोचलेल्या सुया मोजत बसलो असतो तर शिंपी झालो असतो का?" डॉक्टर हसले नाहीत. रक्त तपासलं. साखर निघाली, खूप, आणि बरीच जुनी. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही म्हणाले. पण औषध आणि पथ्य नीट पाळलं तर पुढचं थांबेल. आधी यायला हवं होतं. ते आईने खाली मान घालून ऐकलं.

मी जाहीर केलं की मी शाळेला नकार कळवते. बाबा काही म्हणायच्या आधी आईच म्हणाली, "तू थांबलीस तर ह्यांच्या बोटांना कळायला लागणार आहे का?"

"तसं नाही, पण..."

"मग कशाला थांबतेस? दोघींनी हळहळायला?" आईला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, कापायचं काम बाबा करतील, डोळे आणि खांदे शाबूत आहेत. सुई ती धरेल, धरतेच आहे. इस्त्री आत्याकडे. आत्याला हे आत्ताच समजत होतं. ती नुसती उठली आणि इस्त्र्या शेगडीवर ठेवायला लागली.

दुपारी बँडमास्तर कोट न्यायला आले. जळालेल्याच्या जागी आईने नवा शिवला आहे, कॉलर किंचित वाकडी आहे. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी राख मी बघितली होती. निवली नव्हती. चूक माझी होती, पोरीची नाही." बँडमास्तर गोंधळले. म्हणाले, "अहो, मी कधीच विसरलो ते." मग कोट घालून त्यांनी पोट आत घेतलं, बाहेर सोडलं. बटण टिकलं.

मला अजून कळत नाही की मी जाणं बरोबर आहे की आई-बाबांना हवं आहे म्हणून मी ते बरोबर समजते आहे.

१ जानेवारी, बसमध्ये

सकाळी शेवटची राख काढली. आईला सगळं दाखवलं होतं, तरी पुन्हा दाखवलं: झडप, कागदाचा बोळा, बादलीचा काठ. तिने माझ्याहून सफाईने केलं. बादली बाबांपुढे ठेवली, सवयीने. बाबांनी हात पुढे केला, सवयीने. मग मागे घेतला. आईला म्हणाले, "तू बघ."

आमच्या घरात हे कधी कुठल्या बाईने केलेलं नाही. आईने हात पुसले, जणू कोणाच्या घरी जायचं आहे. मग एक हात पालथा करून राखेत घातला. आम्ही सगळे थांबलो. आत्यासुद्धा.

"सांग की," बाबा म्हणाले. "मुलीची बस आहे."

आई लाजली. मग जरा मोठ्याने म्हणाली, "नाही निवली. उद्या बघू." बाबांनी मुकाट्याने बादलीवर झाकण ठेवलं.

थांब्यापर्यंत बाबाच आले. बॅग त्यांनीच घेतली. तिचा बंद हातात आहे ना, हे चालताना ते सारखं खाली पाहत होते. थांब्यावर गर्दी होती. मी औषधांच्या वेळा सांगत राहिले, ते "हो, हो" म्हणत राहिले. बस वळणावर दिसली तेव्हा ते एकदम हळू आवाजात म्हणाले,

"माझ्या पायात दोन्ही चपला आहेत ना गं?"

हे त्यांनी विचारलं. मला.

मी पाहिलं. दोन्ही होत्या. फक्त डावी उजव्या पायात आणि उजवी डाव्या. तशाच घालून ते अख्खा रस्ता माझी बॅग घेऊन चालले होते.

मी खाली बसले. एक पाय उचलला, मग दुसरा, आणि अदलाबदल केली. तळवे गार होते. थोडा वेळ हातात धरून ठेवले, त्यांना कळलं की नाही कोण जाणे. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, मुलगी निरोप घेताना वाकली आहे. एक म्हातारी तर "गुणाची गं" असंही म्हणाली.

"झालं?" बाबांनी वरून विचारलं.

"झालं," मी म्हणाले.